मॅरिगोल्ड तिसरी आणि खोटा हॅरॉल्ड

धुकं असं बसलं होतं, की दुधाच्या टँकरचे दिवे लावूनही मला नोलाचं फाटक दिसेना. तिच्या कुत्र्याच्या भुंकण्यावर अंदाज बांधत गाडी आत घातली. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे वसंत, तरी टारलीनच्या खोऱ्यातली पहाटेची थंडी हटायला तयार नव्हती. गवताला मात्र तिची फिकीर नव्हती, ते रात्रीतून वाढत होतं. गोठ्यात दूध काढायच्या यंत्राची ठकठक चालली होती आणि तिच्यावर चढून नोला ट्रेसिडरचा आवाज येत होता.

"सरक गं बये, सरक! सम्राज्ञी असशील तुझ्या घरी. हितं रांगेत उभी ऱ्हा."

रबरी एप्रन, गुडघ्यापर्यंत बूट, डोक्याला नवऱ्याची जुनी टोपी. एका हाताने गाईंचे सड धुवायची, दुसऱ्या हाताने यंत्राच्या नळ्या लावायची आणि तोंडाने अख्ख्या खोऱ्याचा कारभार करायची. तिचा नवरा ग्रॅहम पलीकडे वासरांना दूध पाजत असायचा. तो वर्षातून दोनदा बोलतो, त्यातलं एकदा नाताळला.

मी दुधाच्या टाकीला पाईप जोडतोय तोवर नोला ओरडली, "डगी, बुधवारी अकराला मोकळा हायेस न्हवं?"

"का गं?"

"गावच्या हॉलमधी लिहायचा वर्ग काढलाय. शहरातनं बाई येनारेत. सहा डोकी जमली तरच येनार, पाच झाल्यात."

"मला लिहाया कुठं येतंय? मी दुधाच्या पावत्या लिहितो."

"मग डोकं हाय न्हवं तुला? डोकंच पायजेल हाय. हातात काय हाय ते कुनी इचारलं न्हाई."

अशा रीतीने मी साहित्यात आलो.

नोलाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ती जर्सी गाई पाळते. नुसत्या दुधासाठी पाळणं वेगळं आणि वंशावळ राखून पाळणं वेगळं. तिच्या प्रत्येक गाईला नाव, नावाआधी घराण्याचं नाव आणि नावामागे आकडा. कुठल्याही गाईची पणजी कोण, त्या पणजीने गुरांच्या कुठल्या प्रदर्शनात बक्षिसाची कुठली फीत जिंकली, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगेल. स्वतःच्या नातवंडांची नावं घेताना मात्र सगळ्या घरादाराची यादी होते, त्यात कुत्र्याचंही नाव येऊन जातं, आणि मग एखादं पोरगंच म्हणतं, "आजी, मी बेन."

ओढ्यापलीकडे ॲल्विन रज राहतो. तोही जर्सीवाला, वयाने नोलापेक्षा मोठा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. चेहरा असा की फाटकाला टांगला तर चोर परत जातील. दर प्रदर्शनात ही दोघं एकमेकांसमोर उभी राहायची, परीक्षकाला मनातल्या मनात शिव्या द्यायची, आणि घरी येताना गाई एकाच ट्रकमधून आणायची. गवत कापायचं यंत्र नोलाचं, वाळलेल्या गवताच्या गाठी बांधायचं यंत्र ॲल्विनचं. नोलाने गवत कापलं, ते वाळलं, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ॲल्विन आपोआप यंत्र घेऊन हजर. कुणी कुणाला बोलवायचं नाही, कुणी आभार मानायचे नाहीत. आमच्याकडे शेजाऱ्याला "येशील का?" म्हणून विचारलं, तर त्याचा अर्थ तुला त्याच्या येण्याची खात्री नाही असा होतो, आणि मग तो खरंच येत नाही.

तर बुधवारी आम्ही सहा डोकी हॉलमध्ये जमलो. वर्ग अकरा वाजता ठेवला होता, कारण सकाळचं दूध काढून झालेलं असतं आणि संध्याकाळचं व्हायचं असतं. टॅम्झिनबाई शहरातून आल्या होत्या. मोठा चष्मा, मोठा स्कार्फ, आणि सगळ्यांकडे बघून मनापासून हसायची सवय. त्यांनी सांगितलं, "आपण सत्यकथन शिकणार आहोत. जे घडलं तेच लिहायचं. काहीही रचायचं नाही. पण सांगायचं मात्र गोष्टीसारखं."

नोलाने हात वर केला. "यात शिकायचं काय असतंय? आमच्याकडं कुनाची कोंबडी मेली तरी असंच सांगत्यात."

"उत्तम!" टॅम्झिनबाई म्हणाल्या. "मग तुम्ही अर्धा वर्ग उत्तीर्ण झालात."

टपाल कचेरीतली हेझल माझ्या कानाला लागली, "नोला अर्धीच उत्तीर्ण व्हती म्हनून तर शाळा सोडली." हेझल गावातली पत्रं वाटते. ज्या बातम्यांना तिकीट लावलेलं नसतं, त्याही वाटते.

पहिल्या वर्गात मी माझ्या टँकरच्या गिअरबॉक्सवर लिहिलं. टॅम्झिनबाईंनी ते वाचलं, बराच वेळ कागदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खूप संयमाने लिहिलंय." घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे कंटाळवानं."

नोलाचं तसं नव्हतं. तिला काय लिहायचंय ते वर्ग सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं होतं. दुसऱ्याच सकाळी यंत्राच्या ठकठकीत ती मला म्हणाली, "डगी, मला मॅरिगोल्डवर लिहायचंय."

मी पाईप खाली ठेवला. मॅरिगोल्ड म्हटल्यावर आमच्याकडे माणसं हातातलं काम थांबवतात.

फर्नली ग्लेन मॅरिगोल्ड तिसरी ही ॲल्विनची गाय. लागोपाठ तीन वर्षं प्रदर्शनाची विजेती. खाटकाच्या दुकानात तिचा फोटो आहे, तिथेही कुणाला त्यात काही गैर वाटत नाही. आदल्या हिवाळ्यात म्हातारी होऊन ती ओढ्याकाठी बसली ती उठलीच नाही.

"त्या दिशी मी ओढ्याकडं गेले व्हते," नोला म्हणाली. "पाऊस असा की समोरचं दिसंना. वॉटलच्या झाडाखाली ॲल्विन बसलेला. तिचं डोकं मांडीवर घेतल्यालं. स्वतःचा रेनकोट तिच्या तोंडावर धरलेला, आन् हा भिजतोय. आन् तिच्या कानात नावं सांगत व्हता रं. तिच्या आईचं, आजीचं, पंजीचं... पार जर्सी बेटावरनं बोटीनं आली त्या गाईपतोर. आन् ढसाढसा रडत व्हता."

"ॲल्विन?"

"ॲल्विन. मी काय बोलले न्हाई. मागं फिरले. त्याला ठावंबी न्हाई मी बघितलं त्ये." तिने गाईच्या पाठीवर थाप मारली. "हे कुनी लिहायला नगं? मानसं मेली की पेपरात येतंय. एवढी गाय गेली, एक ओळ न्हाई."

पुढच्या बुधवारी टॅम्झिनबाईंनी जिवंत माणसांबद्दल कसं लिहायचं ते शिकवलं. माणूस ओळखू येऊ नये म्हणून नाव बदला, गाव बदला, खुणा बदला. नोलाने मान डोलवत सगळं लिहून घेतलं. घरी जाऊन तिने ॲल्विनचा हॅरॉल्ड केला. टारलीनचं दुसरंच गाव केलं. ओढ्याची नदी केली, झाडाची जात बदलली, ॲल्विनच्या मिशा काढून टाकल्या आणि त्याला ठेंगणा केला.

मग आपल्या पाळीला वर्गात उभी राहून वाचायला लागली. खरं सांगतो, चांगलं लिहिलं होतं. मी स्वतः त्या पावसात भिजलो. "आणि तेव्हा हॅरॉल्डने आपल्या मांडीवरच्या फर्नली ग्लेन मॅरिगोल्ड तिसरीच्या कानात..." असं ती वाचत असताना हेझल मोठ्याने म्हणाली,

"अरे देवा, बिचारा ॲल्विन!"

नोला थांबली. "कोन ॲल्विन? हॅरॉल्ड म्हनतीय मी."

"हां हां, हॅरॉल्ड. पर ॲल्विन रडला? आपला ॲल्विन?"

"ॲल्विनचं नावच न्हाई यात! मिशाबी न्हाईत त्याला! तुला कसं कळलं?"

सगळा वर्ग हसायला लागला. टॅम्झिनबाईंनी हळूच विचारलं, "ही मॅरिगोल्ड म्हणजे... खाटकाच्या दुकानात फोटो आहे तीच का?" त्या गावात दोन-तीनदाच आल्या होत्या, तरी त्यांनाही माहीत होतं.

"तीच की."

"मग नोला, तुम्ही गाईचंही नाव बदलायला हवं होतं."

नोलाचा चेहरा असा झाला, जणू कुणी तिला चर्चमध्ये कपडे काढायला सांगितले. "गाईचं नाव बदलू? बाई, नोंदणी झालेली गाय हाय ती! तिच्या जागी दुसरीचं नाव घालू? काय तर म्हनं डेझी? ही तर फसवनूक झाली! तुम्हीच म्हनला न्हवं, काय रचायचं न्हाई म्हनून?"

"पण माणसाचं नाव तुम्ही बदललंत की."

"मानसाचं काय, मानसाला वंशावळ असती व्हय!"

टॅम्झिनबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्या गंभीरपणे म्हणाल्या, की शेवटच्या शनिवारी हॉलमध्ये सगळ्या गावासमोर वाचन आहे. त्याआधी नोलाने त्या गृहस्थांची परवानगी घ्यावी, नाहीतर दुसरं काही वाचावं.

परवानगी घ्यायला वेळच मिळाला नाही. हेझलने त्याच संध्याकाळी बातमी वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ॲल्विनच्या गोठ्यावर दूध घ्यायला गेलो. एरवी तो माझ्याशी निदान हवामानावर बोलायचा, त्या दिवशी पाईपशीसुद्धा बोलला नाही. मी निघताना एवढंच म्हणाला, "त्या ट्रेसिडर बाईला सांग, हॅरॉल्ड रामराम म्हनतोय."

मी नोलाला सांगितलं. तिच्या हातातली नळी शेणात पडली.

"राग आलाय?"

"मिशीबी हालत नव्हती."

"म्हंजे लई आलाय."

आणि नेमकं त्याच दिवसांत तिने खालच्या रानातलं गवत कापलेलं होतं. सगळं रान आडवं पडलेलं, वास असा सुटलेला की रस्त्यावरून जाणाऱ्याला भूक लागावी. त्या वर्षी थंडीत बाहेरून गवत विकत घेऊन नोलाची कंबर मोडली होती. हे गवत साधलं तर पुढचा हिवाळा निभावणार होता. दोन दिवस ऊन चांगलं पडलं. तिसऱ्या दिवशी गवत हातात घेऊन पिळलं की मोडायला लागलं, म्हणजे गाठी बांधायला तयार झालं. ॲल्विन आला नाही. चौथ्या दिवशीही नाही. रेडिओवर सांगत होते, शनिवारी संध्याकाळी पाऊस.

"बोलव की त्याला," मी म्हणालो.

"बोलवू? इतक्या वर्सांत कधी बोलवलं न्हाई. बोलवलं म्हंजे संपलंच."

"मग दुसऱ्या कुनाचं यंत्र आन."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी पुढचं वाक्य गिळलं. दुसऱ्याचं यंत्र ॲल्विनच्या कुंपणापलीकडे चालताना त्याला दिसलं असतं, तर गवत वाचलं असतं आणि शेजार मेला असता. हे तिला कळत होतं आणि मलाही. गवताची चिंता होतीच, पण तिची झोप उडाली होती ती दुसऱ्याच गोष्टीने. "मी त्याचं रडनं गावात मांडलं रं," ती म्हणाली. "त्यो झाडाखाली जाऊन रडला. झाडाखाली. आन् मी हॉलमधी."

शुक्रवारी रात्रभर तिने काय विचार केला ते ग्रॅहमला ठाऊक असेल, आणि तो सांगणार नाही. शनिवारी सकाळी मी ॲल्विनच्या गोठ्यावर टँकर लावत होतो, तोवर नोलाची गाडी आत आली. मुद्दामच त्या वेळेला आली. आमच्याकडे भांडण एकट्याने मिटवत नाहीत. तिसरा माणूस लागतो आणि मधे एखादं यंत्र लागतं, म्हणजे तोंडाकडे न बघता बोलता येतं. तिसरा मी होतो. यंत्रही होतं, कारण ॲल्विन गाठी बांधायच्या यंत्राखाली पाठीवर पडून वंगण भरत होता. बाहेर नुसते बूट दिसत होते.

नोला त्या बुटांशी बोलायला लागली. "ॲल्विन, मी त्ये वाचनार न्हाई. फाडून टाकते. इथंच."

बूट हलले नाहीत. मग यंत्राखालून आवाज आला. "आदी वाच."

"आता?"

"मग काय नाताळला?"

तिने कागद उघडला आणि वाचायला लागली.  पाऊस झाला, झाड झालं, रेनकोट झाला. वंगणाच्या पंपाचा आवाज थांबला होता. आईचं नाव, आजीचं नाव, बोटीवरची गाय झाली. रडणं आलं, तेव्हा नोला थांबली.

"वाच," बूट म्हणाले.

तिने तेही वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. मी टँकरच्या झडपेकडे बघत राहिलो. त्या झडपेत तसं बघण्यासारखं काही नाही.

ॲल्विन हळूहळू बाहेर सरकला, उठला, टोपीने पँट झटकली. आणि जो सुटला!

"हॅरॉल्ड? कोन हा हॅरॉल्ड? माझ्या गाईनं त्या मिशा नसलेल्या टिनपाटाच्या मांडीवर का मरावं? फर्नली ग्लेन कुनाचं घरानं हाय? रजांचं! माझ्या बापानं नोंदवलेलं! तू, नोला ट्रेसिडर, वंशावळ राखनारी बाई, तू गाय माझी लिहितेस आन् मालक भलताच घालतेस? मला एवढंच विचारायचंय. तुझ्या गाईच्या कागदावर मी असं केलं असतं तर?"

नोलाचं तोंड उघडं. "तुला... तुला त्याचा राग आलाय?"

"मग कशाचा येनार?"

"रडनं लिहिलं म्हनून..."

ॲल्विनने मिशी चोळली. मिशीला वंगण लागलं. "रडलो ते घडलं. घडलं ते लिहायचं, असंच सांगितलंय न्हवं त्या बाईनं? हेझल म्हनत व्हती." जरा थांबून तो यंत्राकडे बघत म्हणाला, "तसं तू निम्मंच लिहिलंस. तिला न्यायला गाडी आली तवाबी एकदा झालं. तू गेली व्हतीस. त्ये घाल."

"घालते."

"आन् कास सैल पडली व्हती असं लिहिलंयस."

"ती पडली व्हती, ॲल्विन."

"गुडघ्याच्या वर व्हती!"

"खाली."

"वर! अकराव्या वेतात वर! डगी, तू सांग."

"मी टँकर चालवतो," मी म्हणालो.

मग ती दोघं गोठ्यातून मॅरिगोल्डच्या नातीला बाहेर घेऊन आली आणि तिच्या मागे वाकून बराच वेळ वाद घालत बसली. नातीची कास आजीवर गेली आहे का, इथपासून आजीची आजी कशी होती, इथपर्यंत. मी दूध भरून घेतलं, पाईप गुंडाळला, तरी चाललं होतं. शेवटी नोला म्हणाली, "बरं. 'गुडघ्याला लागून' लिहिते. त्याच्या वर मी जानार न्हाई. खोटं लिहायला शिकले न्हाई मी."

"गुडघ्याला लागून," ॲल्विन कुरकुरला. "चालंल." मग ओढ्याकडे बघून म्हणाला, "गवत कवा वाळलं तुझं?"

"परवाच."

"परवा? आन् दोन दीस झोपा काढत व्हतीस? पाऊस येतोय की संध्याकाळी!"

नोला चिडून काहीतरी बोलणार होती, पण आठवण होऊन दचकली. "आज दोन वाजता वाचन हाय हॉलमधी. ऱ्हाऊ दे वाचन. मी ट्रॅक्टर काढते, दोघं लागलो तर..."

"तू वाचायला जा," ॲल्विन म्हणाला. तो यंत्र ट्रॅक्टरला जोडायला लागला होता. "गाठी बांधायला तू कशाला पायजेस? ग्रॅहमला धाड, त्यो तरी गप बसंल. मी काय हॉलमधी येनार न्हाई, आधीच सांगतो. मला समदं ठाऊक हाय."

दोन वाजता हॉल भरला. आमच्याकडे वाचनाला कुणी येत नाही, पण ॲल्विन रज रडला हे ऐकायला सगळे आले होते. हॉल नोलाच्या खालच्या रानाला लागूनच आहे. खिडक्या उघड्या होत्या आणि बाहेरून गाठी बांधायच्या यंत्राची धडधड येत होती. माझी पाळी आधी होती. मी गिअरबॉक्सबद्दल वाचलं. टाळ्या पडल्या, संयमाने.

मग नोला उभी राहिली. चर्चचा कोट घातला होता, केसात गवताची काडी होती. तिने वाचलं, "त्या दिवशी ओढ्याकाठी माझा शेजारी ॲल्विन रज, फर्नली ग्लेनचा, त्याच्या फर्नली ग्लेन मॅरिगोल्ड तिसरीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता." हॉलमध्ये कुजबुज झाली आणि थांबली. ती पुढे वाचत गेली. बाहेर यंत्र धडधडत होतं, थांबत होतं, गाठ टाकत होतं, पुन्हा धडधडत होतं. गाडी आली तेव्हाचं दुसरं रडणं तिने वाचलं तेव्हा खाटकाने नाक शिंकरलं. हेझल चक्क गप्प होती. कासेपाशी मात्र मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "खाली व्हती." नोलाने कागदावरून मान वर न करता सांगितलं, "बाहेर जाऊन त्याला इचार."

वाचन संपलं. मग टाळ्या. टॅम्झिनबाईंचे डोळे भरून आले होते. त्या पुढे आल्या आणि प्रमाणपत्रं वाटून झाल्यावर सत्य, स्मृती आणि शेजार यांवर बोलायला लागल्या. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की मागची रांग उठली, मग मधली.

"मी काही चुकीचं बोलले का?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाई बाई. दूध काढायची वेळ झाली."

नोला सगळ्यात आधी निघाली होती. दारात तिने वर बघितलं. नैर्ऋत्येकडून काळं आभाळ डोंगरावर आलं होतं. रानात शेवटच्या ओळी राहिल्या होत्या. ॲल्विन ट्रॅक्टरवर पाठमोरा, ग्रॅहम मागे गाठी रचत होता. ॲल्विनने मागे वळून पाहिलं नाही. फक्त स्टिअरिंगवरचं एक बोट वर केलं. नोलानेही एक बोट वर केलं.

"कसं झालं म्हनून इचारायला नगं का त्यानं?" मी म्हणालो.

"इचारलं की आत्ता," ती म्हणाली. चर्चचा कोट काढून तिने गाडीत फेकला, प्रमाणपत्राची गुंडाळी त्याच्यावर टाकली, आणि बूट चढवून गाईंना हाका मारत फाटक उघडायला गेली.